हातभर तार

"पहिली लेन सोड. सोड म्हणते ना!"

आत्या रोलरचा दांडा पोटाशी धरून मैदानाच्या मधोमध उभी होती आणि तिचा आवाज पार पायऱ्यांवर जाऊन आदळत होता. भाची चौथ्या फेरीत होती. तिने ऐकलं, पण पाय आवरले नाहीत. आतल्या रेघेला चिकटून ती वळणावरून निघून गेली आणि तिच्या खिळ्यांच्या बुटांनी वाळक्या मातीचे कपचे उडवले.

"शर्यत नऊ दिवसांवर आलीय आणि ही बया वळण उकरतेय. बापाने बांधून दिलंय का मैदान?"

बापाने बांधून दिलं नव्हतं, पण आखून मात्र बापानेच दिलं होतं. तारकुंपण घालणं हा आत्याच्या दादाचा धंदा. मैदान नवं झालं तेव्हा समितीने त्यालाच बोलावून वळणं आखून घेतली होती, आणि त्याच वळणांवरून त्याची धाकटी बहीण एकोणिसाव्या वर्षी पळाली होती. पायऱ्यांखालच्या भिंतीवर अजून लाल रंगात लिहिलेलं आहे: पंधराशे मीटर, महिला, चार मिनिटं अठ्ठावीस पूर्णांक सहा. पुढे आत्याचं नाव. एकोणतीस वर्षं झाली. भिंतीला तीनदा चुना लागला, पण ती ओळ दर वेळी पुन्हा रंगवली गेली आणि रंगाऱ्याच्या मागे उभी राहून ती रंगवून घ्यायला आत्या स्वतः हजर असायची.

भाची थांबली. गुडघ्यांवर हात टेकून तिने घड्याळ पाहिलं आणि थुंकली.

"किती?" आत्याने विचारलं. न विचारणं तिला जमलं नाही.

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. मैदानावर थुंकू नको. पाणी नाही धुवायला."

आत्या त्या एकीचीच सख्खी, पण गल्लीत आणि मैदानावर सगळेच तिला आत्या म्हणायचे. तोंडावर आत्या, पाठीमागे घोडी. हे दुसरं नाव शाळेपासूनचं. मुलगी असून गुडघ्याच्या वर चड्डी घालून पळते म्हणून कुणीतरी ठेवलं आणि ते जन्माला चिकटलं. आता ती मैदान राखायची. रोलर फिरवायचा, गवत कापायचं, फक्कीने रेघा मारायच्या, पोरांना हाकलायचं. मैदानामागच्या दोन खोल्या तिला नोकरीबरोबर मिळालेल्या होत्या आणि दादाचं कुंपणाचं काम बसल्यापासून दादा, वहिनी आणि भाची तिथेच राहायला आले होते. घर तिच्या नावाचं, चूल वहिनीच्या हातातली. म्हणजे भांडणाला दोघींनाही कुठे लांब जावं लागत नव्हतं.

या वेळच्या शर्यतीला वीज खात्याच्या संघाचा साहेब येणार होता. जागा एकच होती. साहेबाने समितीला स्पष्ट कळवलं होतं, मैदानाचा विक्रम जी मोडेल तिला थेट घेऊ, पक्की नोकरी. नुसतं पहिलं येऊन भागणार नाही. भाची वीस वर्षांची. गेल्या महिन्यात सरावात ती चार तीसवर आली होती. तिला दीड सेकंद पाहिजे होता आणि तो दीड सेकंद भिंतीवर आत्याच्या नावाने लिहिलेला होता.

"वन्सं, जरा दोन गोष्टी सांगा की तिला," वहिनी अधूनमधून म्हणायची. "शेवटची फेरी कशी काढायची ते तरी."

"मला कुणी सांगितलं होतं?" आत्या म्हणायची, आणि भाकरीचा तुकडा मोडायची.

खरं तर तिला सांगणारा एकजण होता आणि त्यानेच तिची वाट लावली. त्या विक्रमाच्या जोरावर तिला मोठ्या संघात घेतलं होतं. चार वर्षं ती तिथे राहिली. अनोळखी गावं, लोखंडी खाटा, पहाटे पाचची शिटी. प्रत्येक मैदानावर ती जीव तोडून पळाली आणि प्रत्येक मैदानावर चार तीसच्या अलीकडे काही आली नाही. चार तीस पूर्णांक दोन, चार एकतीस, पुन्हा चार तीस पूर्णांक चार. कधी पाचवी, कधी सहावी. कोच सगळ्यांसमोर म्हणायचा, "ही घरच्या मैदानावरची वाघीण. बाहेर आली की शेपूट घालते." त्याला वाटलं, पोरगी अंगचोर आहे. मग त्याने तिची अंगचोरी काढायला घेतली. दिवसाला दोन वेळा, मग तीन वेळा. नडगी दुखते म्हटलं तर म्हणाला, बहाणे. एका दुपारी नवव्या फेरीला तिच्या डाव्या नडगीचं हाड चिरलं. ती कण्हत खाली बसली तेव्हासुद्धा त्याने शिटी वाजवली.

घरी आली, लग्न झालं, तीन वर्षांनी परतही आली. नवऱ्याचं आणि माझं जमलं नाही, एवढंच ती सांगायची. त्यानंतर मैदानाची नोकरी, तिलाही आता बावीस वर्षं झाली. ती नोकरीसुद्धा समितीने भिंतीवरच्या त्या ओळीकडे बघूनच दिली होती.

यंदा पावसाने पाठ फिरवली होती. मैदानाला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. समितीला उशिरा जाग आली, आणि नळ टाकायचा म्हणून तिने शर्यतीच्या तोंडावर चर खणायला माणसं लावली. चर बरोबर वरच्या वळणाच्या मध्यावरून गेला आणि तिथली लोखंडी खुंटी उपटून मातीच्या ढिगात गेली. पाणी काही आलं नाही. चर बुजवून माणसं निघून गेली.

"आता वळण नव्याने आखावं लागणार," दादा म्हणाला. "मी येतो."

"गरज नाही."

"खुंटीची जागा तुला सापडायची नाही. मी ठोकली होती ती."

गुडघ्याने अधू झालेला माणूस, पण सकाळी तो आत्याच्या आधी मैदानावर हजर होता. सोबत टेप, पहार, मोगरी, आणि खांद्यावर वेटोळं केलेली एक गंजकी तार. ती तार पाहताच आत्या जागीच थबकली.

"ही कुठून काढलीस?"

"अवजारांच्या खोलीत, आढ्याला. मला वाटलं तू टाकून दिलीस. अगं, हिच्यावर तर तुझा विक्रम झाला!" दादा खुशीत होता. त्याने टेपने सरळ बाजू मोजल्या, दोरी ताणली, मध्य काढला आणि खुंटी ठोकली.

वळण आखायची रीत साधी आहे. तारेचा एका टोकाचा फास मधल्या खुंटीत अडकवायचा, दुसऱ्या टोकाच्या फासात पहार घालायची आणि तार ताठ ठेवून अर्धं वर्तुळ चालायचं. पहार जमिनीवर ओरखडा काढते. मागून त्याच्यावर फक्की टाकत यायचं.

"माझी नवी तार आहे," आत्या म्हणाली. "ती दे अडकवून. जुनी राहू दे."

"दोन्ही लावून बघू. खुंटी बरोबर बसलीय का ते कळेल."

त्याने दोन्ही फास एकाच खुंटीत घातले आणि दोन्ही तारा एकाच दिशेला ताणल्या. त्याच्या तारेचं टोक संपलं. आत्याच्या तारेचं टोक त्याच्याही पुढे कोपरापासून बोटांपर्यंत, हातभर गेलं.

दादाने दोनदा ताणून पाहिलं. मग हळूहळू त्याचा चेहरा लाल झाला.

"असं आहे होय," तो म्हणाला. "तार वाढवलीस. वळण मोठं केलंस. माझ्या पोरीला हातभर तारेचं मैदान जास्त पळवतेस, का तर भिंतीवरचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून! बावीस वर्षं? लाज कशी वाटली नाही तुला?"

"टेप घे."

"टेप काय घे? डोळ्यांना दिसतंय."

"टेप घे आणि मोज, दादा. तुझी आधी."

तिचा आवाज इतका थंड होता की त्याने मुकाट टेप घेतली. आपली तार मोजली, फासापासून फासापर्यंत. पुन्हा मोजली. मग आत्याची मोजली. ठरलेल्या मापात आत्याची तार बोटाच्या पेराइतकीही चुकत नव्हती. दादाची तार हातभर कमी होती.

दादा खाली बसला. त्याला सांगावं लागलं नाही. कुंपणवाल्याचा हात होता त्याचा. कुंपणवाला तार मोजतो, तोडतो आणि मग दोन्ही टोकांना फास पिळतो. फासात तार खर्ची पडते, पण कुंपणाला हातभर कमी-जास्ताने काही होत नाही. गाय दोन्हीकडून सारखीच अडते. मैदानाची तारही त्याने तशीच केली होती: आधी मोजून तोडली, मग फास पिळले. प्रत्येक वळण त्यामुळे आखूड झालं. पंधराशेत सात वळणं येतात.

"किती होतं?" त्याने विचारलं.

"दहा मीटर. पावणेदोन सेकंद."

दादाने ओठांवरून हात फिरवला. "म्हणजे तुझा…"

"म्हणजे मी कधीच चार अठ्ठावीस पळाले नाही. चार तीस पळाले. तिथे पळाले आणि बाहेरही तेवढीच पळाले. कोच मला चार वर्षं जे मागत होता ते माझ्या पायात नव्हतंच, तुझ्या फासात होतं." तिने डावा पाय पुढे केला. नडगीवर हाडाचा उंचवटा होता. "हे त्याचं."

"कधी कळलं?"

"नोकरीच्या पहिल्या वर्षी. नवी तार केली तेव्हा."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? माझ्या दादाने माझं वाटोळं केलं म्हणून? मी नवी तार बरोबर केली. त्यानंतर इथे जी पळाली ती खरं मैदान पळाली."

"हो, आणि तुझ्या खोट्या विक्रमावर डोकं आपटून गेली."

आत्याने त्याच्या हातातून पहार हिसकावली आणि आपल्या तारेच्या फासात घातली.

दुपारी भाची झोपायला आतल्या खोलीत गेली, तसं दादाने वहिनीला सगळं सांगून टाकलं. वहिनीने हातातलं भांडं आपटलं नाही, की आवाज चढवला नाही. ती तशी बाई नव्हती. पदराने हात पुसून ती आत्यासमोर बसली.

"वन्सं, एक काम करा. जुन्या तारेने आखा. तुम्ही ज्या मैदानावर पळालात त्याच मैदानावर पोरगी पळेल. ना तुमचं जास्त, ना तिचं."

"आणि साहेबाला काय सांगायचं? पंधराशे म्हणून चौदाशे नव्वद?"

"तुम्हाला चाललंच की एवढी वर्षं."

"मला माहीत नव्हतं तेव्हा. आता माहीत असून मी आखूड रेघ मारणार नाही."

"मग खरं सांगा. आजच जा सेक्रेटरीकडे."

आत्या तळहाताला लागलेली फक्की झटकू लागली.

"तेही नाही," वहिनी म्हणाली. "खोटं आखवत नाही आणि खरं बोलवत नाही. मधल्या मध्ये आमची पोर मेली तरी चालेल. आम्ही तुमच्या घरात राहतो, तुमचं ऐकून घेतो, पण एवढं मन काळं असेल असं वाटलं नव्हतं हो."

"तुमच्या नवऱ्याला जाऊ दे की. फास त्याने पिळले."

दादा भिंतीकडे बघत होता. "माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? पोरीचा बाप. म्हणतील, पोरीसाठी रचलं. तू बोललीस तरच ते खरं."

हे खरं होतं आणि आत्याला ते ठाऊक होतं. म्हणूनच तिला त्या दोघांचा भयंकर राग आला.

"पोरीला यातलं काही सांगू नका," ती उठत म्हणाली. "डोक्यात भलतं घेऊन पळेल."

त्यानंतरचे सात दिवस घरात कुणी तिच्याशी धड बोललं नाही. ताट समोर यायचं, पण वाढणारा हात दिसायचा, चेहरा नाही. आत्याने मैदानाच्या भेगांत माती भरली, ती मोगरीने चोपली. टँकरचं अर्धं पाणी मिळालं, ते सगळं वळणांवर मारलं. भर उन्हात रोलर ओढला. तळहातांचे फोड फुटले तशी तिने चिंध्या बांधल्या. खरं मैदान करायचं, इतकं चोख करायचं की कुणी बोट दाखवू नये, या एकाच हट्टाला ती पेटली होती. आपण चोख वागतोय असं तिला दिवसभर वाटायचं. संध्याकाळी भाची सरावाला आली आणि तिने पहिल्या दोन फेऱ्या घड्याळासारख्या काढल्या, की मात्र रोलर सोडून ती भिंतीवरच्या ओळीकडे बघायची.

एकदा न राहवून ती ओरडली, "तिसऱ्या फेरीत खांदे उचलतेस! हात खाली ठेव!"

भाची पळतापळता म्हणाली, "गरज नाही!"

पण पुढच्या फेरीला तिचे हात खाली होते.

शर्यतीच्या सकाळी ऊन आठलाच तापलं. साहेब पायऱ्यांसमोरच्या टेबलावर बसला होता, शेजारी समितीचा सेक्रेटरी आणि तीन घड्याळवाले. आत्या शेवटच्या रेघेजवळ, फक्कीच्या घमेल्यापाशी उभी राहिली. गळ्यातलं घड्याळ तिचं स्वतःचं होतं. दादा आणि वहिनी पायऱ्यांच्या टोकाला बसले होते आणि मैदानाकडे नाही, आत्याकडे बघत होते.

बंदूक वाजली. अकरा जणी निघाल्या. दोन फेऱ्या भाची तिसरी राहिली, कुणाला न ढकलता, कुणाच्या टाचांत पाय न अडकवता. घंटेला ती पुढे आली. शेवटच्या फेरीच्या मागच्या सरळ रेघेत ती एकटीच होती, तोंड उघडं, मान ताठ, हात खाली. आत्याचा अंगठा घड्याळावर चिकटला होता. वरच्या वळणावर, त्या नव्या खुंटीच्या वळणावर, भाचीने जोर लावला आणि पायऱ्यांवरची माणसं उठून उभी राहिली. आत्याच्या डाव्या नडगीत कळ गेली. ती मोठ्याने काहीतरी ओरडत होती. काय, ते तिलाच कळत नव्हतं.

भाचीने रेघ ओलांडली आणि आत्याने घड्याळ दाबलं.

चार एकोणतीस पूर्णांक तीन.

त्या क्षणी आत्याला आनंद झाला. पोरगी पहिली आली याचा नव्हे. अजून आपलंच नाव वर आहे, याचा. अंगभर गार पाणी ओतावं तसा स्वच्छ, मोठा आनंद. श्वास आत घेईपर्यंत तो टिकला. मग आपल्याला कशाचा आनंद झालाय हे तिला कळलं आणि तिला स्वतःची किळस आली.

टेबलावर तिन्ही घड्याळं जुळली. सेक्रेटरीने भोंग्यावरून पहिली आलेलीचं कौतुक केलं आणि विक्रम सात दशांशाने हुकल्याचं सांगितलं. साहेबाने कागद फाइलमध्ये घातले आणि फाइलची नाडी बांधायला घेतली. भाची लेनमध्येच पालथी पडली होती. तिची पाठ हलत होती, पण ती दमून की रडून हे कुणाला सांगता आलं नसतं.

आत्या टेबलापाशी गेली.

"साहेब, तो विक्रम खोटा आहे."

"कोणता?"

"भिंतीवरचा. माझा." तिने सगळं सांगितलं. तार, फास, सात वळणं, दहा मीटर. मधे न थांबता, कुणाकडे न बघता. सांगून झाल्यावर दादा लंगडत खाली आला, जुनी तार घेऊन, आणि त्याने सगळ्यांसमोर मान खाली घालून म्हटलं, "मी पिळले ते फास. आधी मोजली, नंतर पिळले."

साहेबाने तार मोजून घेतली. मग आजचं वळण मोजून घेतलं. ते बरोबर निघालं.

"बावीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?" सेक्रेटरी कडाडला. "तुमच्या नावाने आम्ही मैदानाची पत्रकं छापली! ही नोकरी कशावर दिली होती तुम्हाला?"

"काढून टाका."

"ते समिती बघेल."

साहेबाने नाडी सोडली. त्याला समितीच्या भांडणात रस नव्हता. जुन्या तारेवरच्या सगळ्या वेळा बाद धरल्या, तर खऱ्या मैदानावर शर्यतींतली आजवरची सर्वांत चांगली वेळ चार एकतीस होती, कुणा दुसरीची. त्याने भाचीचं नाव लिहिलं, वय विचारलं आणि सही केली. वहिनी पायऱ्यांवरून धावत खाली आली. ती आत्यासमोर आली, थांबली आणि बाजूने निघून पोरीकडे गेली.

भाची तोवर उठून बसली होती. आईने तिला मिठी मारली, सांगितलं, हसली, रडली. भाचीने ऐकून घेतलं. मग आईचे हात बाजूला केले आणि अनवाणीच, बूट हातात घेऊन, आत्यापाशी आली. तिच्या गुडघ्यांना फक्की लागली होती.

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मी सहा महिने त्या आकड्यासाठी मरतेय. रोज भिंतीकडे बघून बूट बांधत होते. मी तुला हरवलं असतं, आत्या. आजच हरवलं असतं, सगळ्यांसमोर. हरवलंच आहे. पण आता काय? भोंग्यावरून हुकला म्हणून सांगून झालं. आता लोक म्हणणार, आत्याने सोडलं म्हणून मिळालं."

"नोकरी मिळाली ना?"

"नोकरीचं नाही विचारत." तिचा आवाज फाटला. "काल बोलली असतीस. आज सकाळी बोलली असतीस. बंदूक वाजायच्या आधी एक मिनिट बोलली असतीस तरी चाललं असतं. शर्यत संपायची वाट कशाला बघितलीस?"

आत्याला खोटं सांगता आलं असतं. धीर होत नव्हता, नोकरीची भीती होती, तुझं मन विचलित होईल वाटलं. तिन्ही थोडीथोडी खरीही होती. पण आजच्या दिवशी तिला अर्धवट खऱ्याचा वीट आला होता.

"तू हरतेस का, ते बघायचं होतं," ती म्हणाली.

भाचीने मान हलवली, जणू तिला हेच उत्तर माहीत होतं. ती वळली आणि पायऱ्यांकडे निघाली. पुढच्या शर्यतीच्या मुली रेघेवर येऊ लागल्या होत्या. सेक्रेटरीने भोंग्यावरून फक्कीवालीला हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला आत्याने घमेलं उचललं आणि पुसट झालेली रेघ ओणवी होऊन पुन्हा मारायला घेतली.